बाबांची स्प्लेंडर सिग्नलला का मरते?

सिग्नल सुटतो, मागून पीएमटी हॉर्न देते आणि नेमकी तेव्हाच तुमची गाडी ‘फुस्स’ करून बंद पडते. किक, किक, परत किक. मागे बसलेला मित्र हसतोय. त्याला हसू द्या, पण उजवीकडे वळताना अर्ध्या चौकात गाडी मेली, तर ते हसण्यावारी न्यायचं काम नाही.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या बाइक्स फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. पण बाबांनी, काकांनी वापरून तुमच्या हाती आलेली जुनी स्प्लेंडर किंवा पॅशन असेल, तर तिच्या पोटात कार्बोरेटरच आहे. तिथे सेन्सर नाही, लॅपटॉप लावायचा नाही. कान आणि डोकं लावायचं.

आधी एक करा. गाडी मोकळ्या हवेत मेन स्टँडवर लावा (बंद पार्किंगमध्ये धूर कोंडू नका), न्यूट्रलमध्ये गरम होऊ द्या आणि नुसती ऐका. रेस आपोआप चढते की उतरत उतरत बंद पडते? दोन्हीला आपण ‘आयडलिंग धरत नाही’ म्हणतो, पण आजार वेगवेगळे असू शकतात.

आता हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर कार्बोरेटरला हात लावू नका. अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तिला थोडं ढिलं सोडलं की काम झालं. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि ते कुणीच करत नाही!

दुसरी परीक्षा चोकची. इंजिन गरम असताना चोक जरासा ओढला आणि गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. उलट ती गुदमरली, तर बहुधा पेट्रोल आधीच जास्त होतंय. मग एअर फिल्टर उघडून बघा. प्लगही सांगतो: काळाकुट्ट काजळीचा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी.

माझ्या गाडीला चोकने बरं वाटायचं. गॅरेजवाल्याने मात्र बघितल्या बघितल्या निदान केलं, ‘कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल.’ महिन्याच्या पॉकेटमनीत ते बसणारं नव्हतं, म्हणून घरी आणली. कार्बोरेटर इंजिनला जिथे जोडलेला असतो, तिथे इन्सुलेटर आणि ओ-रिंग असते. इंजिन चालू ठेवून त्या सांध्यावर स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारलं. रेस झटकन बदलली. म्हणजे हवा तिथूनच आत जात होती. ओ-रिंग वाळून चिरली होती. नवी पडली वडापाव आणि चहाच्या पैशांत. (ही परीक्षा पेट्रोलने करणारे महाभाग आहेत. गरम इंजिनावर पेट्रोल! तुम्ही करू नका.)

सांधे ठीक असतील तर संशय पायलट जेटवर. गाडी सुट्टीत दोन-तीन महिने उभी होती का? पेट्रोल उडून जातं, चिकट थर मागे राहतो आणि या जेटचं भोक केसासारखं बारीक. आयडलिंगचं पेट्रोल त्यातूनच येतं, म्हणून वेगात गाडी मस्त पळते आणि सिग्नलला मरते. जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा. सुई किंवा तार घालाल तर भोक मोठं होईल आणि मग खरंच नवा लागेल.

पावसाळ्यात आणखी एक. इंजिन थंड असताना कॉक बंद करून फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडा आणि पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. जवळपास सिगारेट नको. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं. मग टाकीही रिकामी करावी लागते.

एवढं झाल्यावरच स्क्रू. एअर स्क्रू आधी किती फेऱ्यांवर आहे ते मोजून लिहून ठेवा. तो आत टेकवताना दाबू नका, टोक खराब होतं. गरम इंजिनावर पाव-पाव फेरी फिरवत रेस सगळ्यात जास्त होते ती जागा शोधा, मग मोठ्या स्लो स्क्रूने रेस खाली आणा. नुसता स्लो स्क्रू पिळून रेस वाढवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर लपवणं.

तरीही जमलं नाही, तर टॅपेट सेटिंग तपासायला गाडी मेकॅनिककडे न्या. पण या वेळी त्याला नुसतं ‘बघा ना दादा’ म्हणू नका. ‘हँडल वळवून रेस बदलत नाही, चोकने सुधारते, सांध्यांतून हवा नाही, जेट साफ केलंय’ असं सांगा आणि त्याचा चेहरा बघा.