न ऐकता घेतलेला तंबोरा

शारदीय नवरात्राची चाहूल लागली की आमच्या पंढरीच्या गल्लीबोळांतून निराळेच चैतन्य संचारते. घटासाठी माती आणली जाते, देवघरातील उपकरणी घासून लखलखीत होतात, आणि आमच्यासारख्या कीर्तनकाराच्या घरी वाद्यांच्या गवसण्या उतरू लागतात. विजयादशमीला पाटीवर सरस्वती रेखावयाची, तिच्यासमोर पोथ्यांबरोबर टाळ, चिपळ्या, पेटी, तंबोरा मांडावयाचा आणि गंधाक्षता वाहावयाच्या, हा आमच्या घराण्याचा परिपाठ. या पूजेत एक तंबोरा असा आहे की, त्याला गंध लावताना आमचा हात दरवर्षी क्षणभर थबकतो. त्या थबकण्याची कथा आज भाविक वाचकांपुढे मांडावयाची आहे.

सन २०२४ च्या भाद्रपदातील गोष्ट. आमच्याकडे कीर्तन शिकणाऱ्या एका मुलीचे पहिले कीर्तन नवरात्रात, पाचव्या माळेला योजिले होते. मुलीचा आवाज काळी पाचचा, गोड आणि निकोप. वडिलांचे चुरमुरे, बत्तासे, बुक्का यांचे छोटेसे दुकान. आजवर ती विजेच्या तंबोऱ्यावर, म्हणजे त्या डबीवर, गात आली होती. डबीला आम्ही नावे ठेवीत नाही. प्रवासात ती उपकारकच. परंतु चार तारा स्वतःच्या कानाने जुळविल्यावाचून कान तयार होत नाही, हा आमच्या गुरुजनांचा दंडक. तेव्हा पहिल्या कीर्तनाला मुलीपाशी स्वतःचा तंबोरा असावा, असे आम्हीच सुचविले.

नवा तंबोरा त्या गृहस्थांच्या आवाक्याबाहेरचा. एके रात्री मुलीने भ्रमणध्वनीवर एक जाहिरात दाखविली. विदर्भातील एका शहरात कोणी गृहस्थ मिरजेचा जुना बायकी तंबोरा विकावयास काढून बसले होते; किंमत ११,००० रुपये. छायाचित्र सुरेख होते. दांडी सरळ, नक्षी नाजूक, भोपळा डौलदार. खाली लिहिले होते, ‘सुस्थितीत’. मुलीचे वडील आमच्याकडे पाहून म्हणाले, “बुवा, तुम्ही म्हणाल तसं.” पितृपक्ष तोंडावर आलेला, त्या पंधरवड्यात घरात नवी वस्तू घ्यावयाची नाही, आणि तो सरला की लगेच घटस्थापना. आम्ही छायाचित्र पुन्हा एकदा निरखिले आणि म्हणालो, “घ्या.” गौरी बोळविल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे गेले.

नेत्र आणि श्रोत्र

खोके पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी आले. उघडताना मुलीचा चेहरा फुलला होता. तारा जुळवू लागली तो दांडी आणि भोपळा यांच्या सांध्यातून करकर ऐकू आली. तंबोरा उलटा करून पाहतो तर भोपळ्याच्या पाठीवर वीतभर लांबीची चीर. छायाचित्र होते ते समोरून काढलेले. पाठ कोणी दाखविली नव्हती आणि आम्ही कोणी मागितलीही नव्हती. जवारी तर पार बसलेली. तार छेडली की झंकार उमटण्याऐवजी ठक्क असा कोरडा आवाज. मुलगी काही बोलली नाही. तिने गवसणी पुन्हा घातली आणि ती आत निघून गेली. वडील एवढेच म्हणाले, “असू द्या, बुवा.” त्या तीन शब्दांनी आम्हांस रात्रभर झोप लागू दिली नाही.

ज्या न्यायशास्त्राचे पाठ आम्ही चाळीस वर्षे देत आलो, त्याचा पहिला धडाच आम्ही विसरलो होतो. प्रत्येक इंद्रियाचा विषय ठरलेला आहे. रूप हा नेत्राचा विषय, शब्द हा श्रोत्राचा. वाद्य ही ऐकण्याची वस्तू; ती आम्ही डोळ्यांनी विकत घेतली! हातच्या कांकणाला आरसा नको हे खरे. परंतु कांकण शंभर कोसांवर असेल, तर आरसा तरी नीट धरावयास सांगावे की नाही?

कोणी म्हणेल, दूरध्वनीवरून वाजवून दाखवावयास सांगावयाचे होते. सांगावयास हवेच होते. पण तेथेही सावधपण हवे. काळी पाचला लाविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा. भ्रमणध्वनीच्या इवल्याशा कर्ण्यातून इतका खोल नाद जेमतेमच बाहेर पडतो. आपला कान वरच्या स्वयंभू स्वरांवरून तो कल्पनेने भरून काढतो. शिवाय बोलणे चालू असताना पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी जी योजना त्या यंत्रात असते, ती अखंड एकसारखा वाहणारा नाद हाही गोंगाटच समजून दाबून टाकू शकते. ज्या अखंडत्वासाठी तंबोरा असतो, नेमके तेच तिकडे गळून पडावयाचे. म्हणून चालू संभाषणात ऐकण्यापेक्षा शांत खोलीत स्वतंत्र ध्वनिमुद्रण करून मागवावे, एकेक तार निराळी छेडावयास सांगावी, आणि ते चांगल्या कर्ण्यावर ऐकावे.

नारदाची स्मृती

कीर्तनाची गादी नारदाची. योगायोग असा की, क्रयविक्रयाचा ऊहापोह करणारी एक स्मृतीही नारदाच्याच नावाने प्रसिद्ध आहे. तिचा दंडक स्पष्ट आहे : ग्राहकाने घेण्यापूर्वी वस्तूचे गुणदोष स्वतः पारखावेत, पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू मग विकणाऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. घेऊन पस्तावा झाला, तर त्याच दिवशी आहे तशी परत करावी. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. पुढे ती ग्राहकाचीच. मनूने हा अवधी दहा दिवसांचा धरिला आहे. याज्ञवल्क्याने तर वस्तुपरत्वे परीक्षेचे दिवस नेमून दिले : लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. लोखंड घणाखाली ताबडतोब बोलते. बियाणे मातीत गेल्यावरच बोलते. आमच्या मते तंबोरा हा बियाण्याच्या जातीचा. तारा ताणून चार दिवस ठेविल्यावाचून सांधा धरतो की नाही, खुंटी घसरते की नाही, हे कळत नाही.

आजच्या राज्यातही ग्राहकाच्या रक्षणासाठी सन २०१९ चा कायदा आहे, आणि संगणकीय बाजारासाठी सन २०२० चे नियम आहेत. परंतु धंदा म्हणून नव्हे, तर घरातील एखादी वस्तू म्हणून कोणी खाजगी गृहस्थ विकतो, तेव्हा हे बाजाराचे नियम त्याला लागू होत नाहीत. जुन्या वाद्यांचे पुष्कळसे व्यवहार असेच असतात. तेथे शेवटी माणसाचे बोलणे हेच प्रमाण.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना दूरध्वनी केला. मनात राग होता, हे लपवीत नाही. पलीकडून आवाज आला तो मात्र थकलेला होता. तंबोरा त्यांच्या दिवंगत मातोश्रींचा. कित्येक वर्षे तो गवसणीत, कपाटावर पडून होता. घर बदलावयाचे म्हणून काढला. “आई होती तोवर सुरात होता हो. तो कसा बघायचा असतो, ते मला कुठं ठाऊक? कापडानं पुसला आणि फोटो काढला,” ते म्हणाले. तारा उतरवून पाठवावयाचे असते, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. ताणलेल्या तारांनिशी तो प्रवासाला निघाला आणि सांधा उकलला. ते पुढे म्हणाले, “परत पाठवा, मी पैसे देतो. पण मोडीत घालू नका.”

आप्त कोणास म्हणावे

आप्तवाक्य हे प्रमाण आहे, असे न्यायशास्त्र सांगते. पण आप्त कोण? भाष्यकार वात्स्यायनांच्या विवेचनाचा आशय असा की, ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अंगे हवीत. या गृहस्थांपाशी सांगण्याची इच्छा होती, जाणणे नव्हते. त्यांनी असत्य सांगितले असे म्हणवत नाही. तथापि त्यांचे ‘सुस्थितीत’ हे प्रमाण होऊ शकत नव्हते.

आणि येथेच आमच्या मनाला खरा डंख बसला. मुलीच्या वडिलांनी त्या परक्या गृहस्थांच्या शब्दावर पैसे दिलेच नव्हते. त्यांनी दिले ते आमच्या शब्दावर! त्यांच्या लेखी आप्त होतो आम्ही. न पाहिलेल्या, न ऐकलेल्या वस्तूविषयी “घ्या” असे आम्ही म्हणालो. जाणत नव्हतो, तरी जाणत्याच्या थाटात बोललो. व्यासपीठावर उभे राहून लोकांना सत्यभाषणाचा महिमा सांगणाऱ्या माणसाचा हा अपराध थोडा नव्हे.

पितृपक्ष असला तरी दुरुस्तीला आडकाठी नव्हती. तंबोरा घेऊन आम्ही मुलीसह मिरजेस गेलो. फरीदसाहेब सतारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात या गावात तंतुवाद्यांच्या कारागिरीचा पाया घातला. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांचे हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले, ही मिरजेची कीर्ती. योगायोगाने त्याच वर्षी, सन २०२४ मध्ये, मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले होते. वयोवृद्ध कारागीर चाचांनी चीर भिंगाखाली धरली. म्हणाले, “बुवा, कडांमध्ये मळ बसलाय. ही आजची नाही, फार जुनी. सांधा मात्र आत्ता निघालाय.” मग भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून ते हसले. “भोपळा मात्र पक्का आहे. तुमच्याच भीमाकाठचा असणार.” मिरजेच्या वाद्यांचे भोपळे आमच्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शिवारांतून जातात, हे आम्ही ऐकून होतो, पण आमच्या वाळवंटाजवळ वाढलेले फळ मिरजेला जाऊन, विदर्भात कोणा माउलीच्या सुरांना साथ देऊन, पुन्हा आमच्याच दारी आले असेल, या विचाराने अंगावर काटा उभा राहिला.

दुरुस्तीचे ४,००० रुपये सांगितले. मुदत तीन आठवड्यांची. निर्णय आम्ही मुलीवर सोपविला. ती म्हणाली, “परत नको पाठवायला. त्यांच्या आईचा आहे.” विदर्भातील गृहस्थांनी आपण होऊन २,००० रुपये धाडिले, उरलेले आम्ही बिदागीतून भरले. मुलीचे वडील पुष्कळ नको म्हणाले. पण तो आमचा दंड होता, उपकार नव्हे.

पाचव्या माळेचे कीर्तन डबीच्या सुरावरच झाले. मुलगी चांगली बोलली, चांगली गायिली. तरीही पूर्वरंगात एके ठिकाणी तिचा डावा हात नकळत हवेत तार शोधताना आम्ही पाहिला, आणि मान खाली घातली. तंबोरा आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. चीर सांधलेली दिसते. ती लपविण्यास आम्हीच मना केले होते.

घेणाऱ्यांस विनंती

आता थोडे व्यवहाराचे. न पाहता वाद्य घेणे भागच पडले, तर छायाचित्रे चारी बाजूंनी मागावीत. भोपळ्याची पाठ, गळ्याचा सांधा, घोडी आणि खुंट्या जवळून, तिरप्या उजेडात. तबली घोडीखाली खचली आहे काय, हे बाजूने पाहिल्यावर दिसते. तंबोरा बायकी की मर्दानी, पूर्वी कोणत्या पट्टीत लागत असे, हे विचारावे. केवळ खुंट्या पिळून मर्दानी तंबोरा काळी पाचला चढत नाही. त्या गावी कोणी गायक, शिक्षक असेल तर त्याला एकवार जाऊन वाजवून येण्याची विनंती करावी. तोच आपला खरा आप्त. तारा उतरवून, घोडीखाली मऊ कापड देऊन, भोपळ्याभोवती भरपूर भरण घालून, लाकडी पेटीतून पाठविण्याचे आधी ठरवावे, आणि परत करण्याची मुदतही लेखी ठरवून घ्यावी. खोके उघडताना चित्रण करून ठेवावे. वस्तू येण्यापूर्वी सर्व रक्कम देऊ नये. आपण विकणारे असू, तर ध्यानी ठेवावे की पैसे मिळण्यासाठी गुप्त पिन द्यावा लागत नाही. तो मागणारा ठक समजावा.

विकणाऱ्यांसही एक सांगणे आहे. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देतो आणि सोने घ्या म्हणतो. त्यात फसवणूक नाही. कारण ते पान आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. दोघांना ठाऊक असलेली उणीव व्यवहार बिघडवीत नाही. तेव्हा चीर असेल तर चीर आहे म्हणावे. आणि ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणावे.

हे दुसरे वाक्य म्हणावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली. यंदाही विजयादशमीला ती मुलगी आपला तंबोरा घेऊन येईल, सरस्वतीपुढे ठेवील. आम्ही गंध लावू, ते त्या चिरेवर.