रिकाम्या हातांची विद्या

गेल्या दसऱ्यानंतर, ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडण्याच्या सुमारास, आठवींतील एका मुलीचे वडील आम्हांस भेटावयास आले. दोन दिवसांनीं ते पत्नीसह साखर कारखान्याच्या मुलखांत जावयाचे होते. मुलगी व तिचा धाकटा भाऊ आजीपाशीं पाटोद्यासच राहणार होते. गांवांत नुकत्याच सुरू झालेल्या कराटेच्या वर्गास जाण्याची परवानगी मुलीनें मागितली होती. त्या गृहस्थांनीं आम्हांस दोन प्रश्न विचारले. “सर, हे शिकून पोरगी भांडखोर तर व्हायची नाही ना? आणि आम्ही सहा महिने इथं नसणार. तर हे तिच्या खरंच उपयोगी पडंल का?” आमच्या शब्दावर त्यांनीं परवानगी दिली, परंतु प्रश्नांचें नीट उत्तर त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें. पुढें आम्हीं या विद्येची माहिती मिळविली, वर्गांतील शिक्षण जवळून पाहिलें, आणि जें समजलें तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें येथें मांडीत आहों.

कराटे ही मूळची ओकिनावा बेटाची विद्या. जपानचें क्युशू बेट व तैवान यांच्या दरम्यान र्‍युक्यू नांवाची जी द्वीपमाला आहे, तींतील हें सर्वांत मोठें बेट. १४२९ पासून १८७९ पर्यंत येथें र्‍युक्यू राजांचें राज्य होतें. १६०९ सालीं जपानच्या सात्सुमा सरदारांनीं त्यास आपलें अंकित केलें, आणि १८७९ त जपाननें तें खालसा केलें. चीनशीं या बेटाचा व्यापार फार जुना. तेथील देशी मुष्टिविद्येस नुसतें ‘ते’, म्हणजे ‘हात’, असें म्हणत. तींत चिनी विद्येची भर पडून आजचें कराटे तयार झालें. शस्त्रें काढून घेतलेल्या गरीब शेतकऱ्यांनीं ही विद्या निर्माण केली, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. कथा मनोवेधक आहे. परंतु ज्यांचीं नांवें इतिहासास ठाऊक आहेत ते जुने गुरु बहुधा दरबारच्या नोकरींतील होते. मात्सुमुरा सोकोन हा राजाचा अंगरक्षक होता, व त्याचा शिष्य इतोसु आंको हा दरबारीं लेखनिक होता.

आम्हां शिक्षकांस हा इतोसु विशेष जवळचा वाटतो. पूर्वीं ही विद्या निवडक शिष्यांस एकांतांत शिकवीत. इतोसुनें १९०१ च्या सुमारास ती शुरी येथील प्राथमिक शाळेंत आणली, आणि १९०८ सालीं शिक्षणखात्यास पत्र लिहून दहा कलमांत तिचे नियम व हेतु मांडले. शाळकरी मुलांसाठीं त्यानें ‘पिनान’ नांवाचे पांच सोपे पाठ रचले. आज वर्गांत मुलें रांगेंत उभीं राहून, आंकडे मोजीत, एकदम हातपाय हलवितात. ही शिस्त या विद्येस शाळेनें दिली आहे.

पाटोद्याच्या वर्गांत शिकवितात त्या शाखेचें नांव गोजू-र्‍यू. ‘गो’ म्हणजे कठीण, ‘जू’ म्हणजे मृदु, व ‘र्‍यू’ म्हणजे परंपरा. वळलेल्या मुठीचा सरळ प्रहार ही कठीण बाजू. उघड्या हातानें गोलाकार गतीनें दुसऱ्याचा जोर बाजूस वळविणें ही मृदु बाजू. नाहा शहरांतील हिगाओन्ना कान्‍र्‍यो यानें चीनमधील फूचौ येथें जाऊन ही विद्या शिकून आणली. त्याचा शिष्य मियागी चोजून (१८८८–१९५३) यानें तिला हें नांव दिलें, व १९३३ सालीं जपानच्या युद्धकला संस्थेंत तें नोंदविलें गेलें. २५ ऑक्टोबर १९३६ रोजीं नाहा येथें प्रमुख गुरु एकत्र जमले. मियागी त्यांत होता. ‘कराटे’ या शब्दाचा तोंवर रूढ असलेला ‘चिनी हात’ हा अर्थ सोडून ‘रिकामा हात’ हा अर्थ तेथें मान्य झाला. १९४० सालीं मियागीनें नवशिक्यांसाठीं ‘गेकिसाई’ नांवाचे दोन पाठ रचले. आमच्या मुलांचा पहिला पाठ बहुधा हाच असतो.

पाठ म्हणजे ‘काता’: ठोसे, अडवणी व पावलें यांची ठरलेली मालिका, जी एकट्यानेंच करावयाची. गोजू-र्‍यूमध्यें अशा बारा काता आहेत. त्यांचें मूळ ‘सानचिन’ ही होय. तिच्या नांवाचा अर्थ ‘तीन युद्धें’ असा असून, तीं शरीर, श्वास व मन यांचीं, असें स्पष्टीकरण करितात.

मुलांनो, सानचिनमध्यें कसें उभें राहतात तें पाहा. पाय खांद्यांइतके रुंद. एक पाऊल थोडें पुढें, इतकेंच कीं मागल्या पायाचा आंगठा पुढल्या टांचेच्या रेषेंत यावा. पुढल्या पायाचीं बोटें किंचित् आंत वळलेलीं, गुडघे थोडे वांकलेले, पाठ ताठ, खांदे खालीं, हनुवटी आंत. मुठी खांद्यांच्या उंचीस, आणि कोंपर बरगडीपासून एका मुठीच्या अंतरावर. श्वास नाकानें घ्यावयाचा व तोंडानें सावकाश सोडावयाचा. पाऊल टाकावयाचें तें जमिनीलगत, आंतून चंद्रकोरीसारखें वळवून. मग गुरु खांद्यांवर व मांड्यांवर हात ठेवून पाहतात कीं शरीर स्थिर आहे कीं नाहीं. जुने गुरु वर्षानुवर्षें हीच एक काता घोटून घेत, असें सांगतात. ज्या मुलानें पहिल्या दिवशीं उंच उडी मारून विटा फोडण्याचें स्वप्न पाहिलें असेल, त्यास हें कंटाळवाणें वाटेल. पण आपल्या तालमींत तरी काय होतें? वस्ताद नव्या पोरास लगेच कुस्तीस उतरवीत नाहींत. आधीं माती खणावयास लावतात, जोर-बैठका काढून घेतात.

साधनांतही हें साम्य आहे. आपल्याकडे गदा व मुद्गल. त्यांच्याकडे ‘ची-इशी’, म्हणजे लांकडी दांड्याच्या एका टोकास बसविलेला दगड. वाळूनें भरलेले मातीचे घडे बोटांनीं कांठास धरून चालावयाचें, त्यांस ‘निगिरी-गामे’ म्हणतात. पेंढा गुंडाळलेला ‘माकिवारा’ खांब ठोसे मारण्यासाठीं असतो. मात्र वाढत्या वयाच्या मुलांनीं त्यावर जोरानें हात आपटूं नये.

आतां एक शंका आमच्या मंडळींतील पालकांनीं काढली, ती सांगतों. वर्गांत शिरतांना मुलें वांकून वंदन करितात. ही एक प्रकारची पूजा तर नव्हे? आम्ही असें समजतों कीं हें वंदन गुरु व सोबती यांच्याविषयींचा आदर होय. शिक्षक वर्गांत येतांच आपण उभे राहतों, तसेंच. तथापि कोणाच्या तसबिरीपुढें वांकणें ज्याच्या मनास खटकत असेल, त्यानें तें गुरूंस मोकळेपणानें सांगावें.

दुसरी शंका अधिक खोल आहे. प्रभु येशूनें दुसरा गाल पुढें करण्यास सांगितलें. मग आमच्या मुलांनीं ठोसा कां शिकावा? यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. प्रमुख याजकापुढें एका शिपायानें प्रभूस चपराक मारली, तेव्हां त्यानें उलट हात उगारला नाहीं. परंतु तो मुकाट्यानेंही राहिला नाहीं. मला कां मारतोस, असें त्यानें त्यास स्पष्ट विचारलें. सूड घेणें निराळें, आणि अन्याय करणाऱ्यास निर्भयपणें अडविणें निराळें. आपण होऊन पहिला हात उचलावयाचा नाहीं, असा कराटेच्या जुन्या गुरूंचाही दंडक आहे. त्यांच्या कातांचा आरंभ बहुधा अडवणीनें होतो, हें मुलांनीं लक्षांत ठेवावें.

म्हणून त्या पालकांच्या पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें: मुलगी भांडखोर होईल कीं नाहीं, हें बहुतांशीं गुरूवर अवलंबून आहे. पालकांनीं वर्ग स्वतः जाऊन पाहावा. दार उघडें असावें, व पालकांस बसून पाहण्याची मुभा असावी. पहिल्याच महिन्यांत मुलांस एकमेकांशीं झुंजविणारा, किंवा पैसे घेऊन थोडक्या दिवसांत काळा पट्टा देऊं करणारा गुरु टाळावा. मुलींच्या वर्गांत एखादी जाणती स्त्री हजर असावी, आणि त्यांची ढब सुधारतांना गुरूनें आधीं विचारून मगच हात लावावा.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना आम्हांस ओकिनावाचाच इतिहास आठवतो. १९४५ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत त्या बेटावर घनघोर युद्ध झालें, व तेथील सुमारें एक चतुर्थांश लोक मेले असें मानतात. मियागीनें त्यांत आपलीं पोटचीं मुलें गमावलीं, आणि शिन्झातो हा त्याचा आवडता शिष्यही गेला. तोफगोळ्यांपुढें रिकाम्या हाताचें कांहीं चाललें नाहीं. तरी युद्धानंतर मियागीनें घराच्या बागेंत पुन्हा शिष्य गोळा केले, व मरेपर्यंत शिकविलें. ही विद्या सर्व संकटें टाळील असें त्यास वाटत असणें शक्य नव्हतें. ती माणसास उभें ठेवते, एवढें मात्र त्यानें जाणलें असावें.

तेव्हां कराटे शिकलेली मुलगी एकटी सोडली तरी चालेल, असें कोणीं समजूं नये. तिला ताठ उभें राहतां येईल, मोठ्यानें ‘नाहीं’ म्हणतां येईल, घाबरतांना श्वास सांवरतां येईल, आणि पकड सोडवून पळतां येईल. ही मिळकत लहान नाहीं. परंतु राखणीचें काम आपणां मोठ्यांचें आहे: आजीचें, शेजाऱ्यांचें, आणि शाळेचें. मुलगी दोन दिवस शाळेंत दिसली नाहीं तर तिच्या घरीं जाऊन चौकशी करणें हें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि रात्रंदिवस चालू असतो. तो क्रमांक प्रत्येक मुलाच्या तोंडपाठ असावा.

चैत्रांत टोळ्या परतल्या, तेव्हां ते गृहस्थ पुन्हा भेटावयास आले. शाळेच्या आवारांतच मुलगी सानचिनमध्यें उभी राहिली. वडिलांनीं तिच्या खांद्यास हळूच रेटा दिला. ती हलली नाहीं. मग त्यांनीं थोडा अधिक जोर केला, तेव्हां तिनें पाऊल मागें घेऊन तोल सांवरला व हंसली. “सहा महिन्यांत एवढंच?” असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्हीं म्हटलें, “होय, एवढेंच. आणि तें ती स्वतः शिकली आहे.” यंदाही ती वर्गास जाणार आहे, आणि धाकट्या भावासही तिनें बरोबर नेण्याचें ठरविलें आहे.