उलटी नळी, न सांडलेले पाणी

“अहो, सांडेल ते!” असे म्हणत मी पुढे हात केला आणि सगळी स्टाफरूम हसली. रसायनशास्त्राचे आमचे सहकारी पाण्याची काचनळी उलटी धरून उभे होते आणि तिच्यातून थेंबही गळत नव्हता. हसणाऱ्यांना हसू द्या! २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या साली उदगिरात टँकरपुढे घागर घेऊन जो उभा राहिला, त्याचा हात असा पुढे जाणारच.

मी पडलो मराठीचा मास्तर. पहिली शंका शब्दाची. हे पाणी गोठले म्हणावे की थिजले? गोठले म्हणावे तर नळी गार नव्हती. “थिजले म्हणा,” ते म्हणाले, “पण तुपासारखे नव्हे. तूप स्वतःच थिजते. इथे शंभर भाग पाण्यात जेमतेम ०.२ भाग पदार्थ आहे. पाणी पाणीच आहे, फक्त कोंडले गेले आहे.”

कोंडले कोणी? सिस्टिन नावाच्या अमिनो आम्लापासून केलेल्या एका पदार्थाने. त्याचा हा गुण गॉर्टनर आणि हॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२१ साली वर्णिला होता. चायना ग्रास पाणी धरते यात नवल नाही. त्याचे रेणू मुळातच दोऱ्यासारखे लांब. हा रेणू मात्र इवलासा. त्याचा काही भाग पाण्याशी सलगी करतो, काही भाग पाण्याला टाळतो. गरम द्रावात सारे सुटे हिंडतात. द्राव निवू लागला की पाणी टाळणारे भाग एकमेकांना बिलगतात, बाकीचे हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी जुळतात. रेणूला रेणू लागून तंतू होतो, तंतूंत तंतू गुंतून जाळे होते आणि पाणी त्यात अडकते. ना माग, ना विणकर! बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत उदय मैत्र यांनी तर पित्तातल्या आम्लापासून असे रेणू घडवले. त्यांतल्या एकाच्या जाळ्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

चहा घेऊन आलेला आमचा शिपाई हे ऐकत होता. त्याची चार एकर कोरडवाहू. “सर, हे रानात टाकता येईल का? तुरीला एक पाणी कमी पडतंय बघा.”

स्टाफरूममधला खरा प्रश्न तोच होता. सहकारी क्षणभर थांबले. शेतात टाकायचे दाणे वेगळे, त्यांनी सांगितले. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा हायड्रोजेल’ आहे ना, त्यातले रेणू लांब आणि पक्क्या गाठींनी बांधलेले; ते पाणी पिऊन फुगतात आणि मुळांना हळूहळू देतात. नळीतले जाळे मातीत टिकायचे नाही.

“मग याचा उपयोग काय?”

“सुटते, हाच!” हाडे आणि हातपाय अवाजवी वाढण्याच्या एका रोगावर लॅन्रिओटाइड नावाचे औषध आहे. त्याचे रेणू पाण्यात आपणच नळ्या रचतात आणि थिजतात. कातडीखाली एकदा टोचले की गोळा विरत विरत सुमारे २८ दिवस औषध पुरवतो. रोज सुई घ्यावी लागणाऱ्याला याचे मोल विचारा.

शिपायाने नळी हातात घेतली, दोनदा उलटीसुलटी केली. “म्हणजे आमच्या तुरीला काही नाही,” असे म्हणून त्याने ती कपाटात ठेवली. सरळ ठेवली. उलटी ठेवायला त्याचेही मन झाले नाही.