कासवांच्या गावी, बोटीने



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या वर्गातली काही कुटुंबे हवाईच्या तयारीला लागतात. कॅलिफोर्नियाहून माउई बेट विमानाने पाच-साडेपाच तासांवर आहे. तिथे गेलेले बहुतेक जण एक दिवस बोटीची सहल करतातच. सकाळी निघायचे, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी लावून समुद्रातले मासे व कासवे पाहायची आणि दुपारी परतायचे. या पोहण्याला स्नॉर्केलिंग म्हणतात. ही सहल कशी असते, पाण्यात नेमके काय घडते आणि तिथे कसे वागावे, ते या लेखात पाहू.

नियम पुष्कळ सांगितले जातात, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास मात्र आपल्यासारखाच हवेत घेते.

आधी नावाविषयी

विहिरीतले, जमिनीवरचे आणि समुद्रातले, अशा सगळ्यांना मराठीत आपण 'कासव'च म्हणतो. म्हणून समुद्रातल्याला 'समुद्री कासव' म्हटले की घोटाळा होत नाही. भारतात गेल्यावर देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेले दगडी कासव तुम्ही पाहिले असेल. ते तिथे का असते, असे आजीला विचारा. ती सांगेल की कासव जसे डोके आणि पाय आत ओढून घेते, तसे आपणही देवापुढे उभे राहताना मन बाहेरच्या गोष्टींतून आवरून घ्यावे. गीतेत स्थितप्रज्ञाला हीच उपमा दिली आहे.

समुद्री कासवाला मात्र हे जमत नाही. त्याचे डोके कवचात जात नाही आणि पायही आत घेता येत नाहीत. ते पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात. संकट आले तर लपून बसणे त्याच्या हाती नाही. पोहत दूर जाणे एवढाच त्याचा उपाय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माउईच्या किनाऱ्यावर मुख्यतः दिसते ते हिरवे कासव. हवाईयन भाषेत त्याला 'होनू' म्हणतात. नाव हिरवे असले तरी पाठ तपकिरी असते. त्याच्या अंगातली चरबी हिरवट असते, त्यावरून हे नाव पडले. मोठे झाल्यावर ते मुख्यतः शेवाळ आणि समुद्री गवत खाते, आणि चरबीचा रंग त्यातूनच येतो. पूर्ण वाढलेल्या कासवाचे कवच सुमारे एक मीटर लांब असते आणि वजन शंभर किलोच्या वर जाते. म्हणजे बाबांपेक्षाही जड!

सहल सकाळीच का?

अनेक बोटी माआलाएआ बंदरातून सकाळी सातच्या सुमारास सुटतात. सुट्टीत एवढ्या लवकर उठायचे म्हणून कुरकुर करू नका, त्याला कारण आहे. हवाईवर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. माउईला दोन बाजूंना दोन डोंगर आणि मधे सपाट पट्टा आहे. पूर्वेचा हालेआकाला तर तीन हजार मीटरहून उंच. वारा या दोन डोंगरांमधल्या पट्ट्यात कोंडतो आणि जोराने दक्षिणेच्या समुद्रावर येतो. ऊन चढते तसा तो वाढतो, लाटा उठतात आणि पाणी गढूळ होते. म्हणून सकाळचे शांत पाणी गाठायचे.

पहिला मुक्काम बहुधा मोलोकिनीला असतो. हे बुडालेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे. त्याची अर्धी कड पाण्याबाहेर राहिली आहे, त्यामुळे बेट चंद्रकोरीसारखे दिसते. 1977 साली इथला समुद्र संरक्षित झाला. बोटी इथे वाटेल तिथे नांगर टाकत नाहीत, पाण्यात पक्क्या बसवलेल्या तरंगत्या खुणांना बांधतात, कारण नांगराच्या एका ओरखड्याने कित्येक वर्षांचे प्रवाळ मोडते. इथे पाणी फार स्वच्छ आणि मासे पुष्कळ. कासवांसाठी मात्र बोट पुढे माकेनाच्या किनाऱ्याजवळ जाते. तिथल्या पाण्यात लाव्हाच्या कपारी आणि कमानी आहेत. बोटवाले त्या भागाला 'टर्टल टाउन' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कासवांचे गाव.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. त्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तळलेलेही खाऊन जाऊ नये. बोटीत मधल्या भागात बसावे आणि नजर दूर क्षितिजावर ठेवावी. आल्याची वडी जवळ असलेली बरी.

नळी एवढी आखूड का?

स्नॉर्केलची नळी जेमतेम हातभर असते. ती दहा फूट लांब केली तर कासवाशेजारी बसून गप्पा मारता येतील, असे कुणालाही वाटेल. पण तसे होत नाही. त्याची कारणे दोन.

पहिले कारण पाण्याचा दाब. एक मीटर खोलीवर पाणी शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 100 ग्रॅमचा भार टाकते. छाती-पोटाचा हजार चौरस सेंटिमीटर भाग धरला तर हा भार होतो 100 किलो! नळीतली हवा वरच्या हवेइतक्याच दाबाची असते. त्यामुळे एवढा भार उचलून छाती फुगवणे आपल्या स्नायूंना झेपत नाही. दुसरे कारण असे की लांब नळीत आपण सोडलेली हवाच अडकून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत येते.

म्हणून स्नॉर्केलिंग पृष्ठभागावरच पालथे तरंगत करायचे असते. मास्कचे काम वेगळे. पाण्यात आपल्या डोळ्यांना अंधुक दिसते, मास्कमुळे डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा तयार होतो आणि चित्र स्पष्ट होते. पण त्यातून सगळे जवळ आणि मोठे भासते. दहा फुटांवरचे कासव साडेसात फुटांवर असल्यासारखे दिसते. मास्क चेहऱ्याला नीट चिकटला नाही तर पाणी आत शिरते. ज्यांना मिशा आहेत त्यांच्या नाकाखालून ते हमखास शिरते, हे त्या बाबांनी आधीच जाणून असावे.

कासव खाली काय करते?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की कासव नुसते पडून आहे. नीट पाहिले तर पुष्कळ काही चाललेले असते.

काही कासवे खडकावरचे शेवाळ खात असतात. काही कपारीत झोपलेली असतात. काहींच्या पाठीवर पिवळे धमक आणि तपकिरी मासे घोळका करून टोचा मारत असतात. हे सर्जन मासे. त्यांच्या शेपटीजवळ चाकूसारखा धारदार काटा असतो, म्हणून हे नाव. ते कासवाच्या पाठीवर उगवलेले शेवाळ खातात. माशांचे पोट भरते आणि कासवाची पाठ स्वच्छ होते. त्यासाठी कासवे ठरलेल्या खडकांपाशी येऊन शांत थांबतात. न्हाव्याच्या दुकानात आपला नंबर येईपर्यंत थांबतात, तसेच.

हालचाल करणारे कासव दर काही मिनिटांनी वर येते. झोपलेले असेल तर तास-दोन तासही खाली राहू शकते. वर आले की डोके बाहेर काढून दोन-तीन सेकंदांत श्वास घेते आणि पुन्हा खाली जाते.

वाट मोकळी ठेवा

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. बोटीवरून वीस-पंचवीस माणसे पाण्यात उतरतात. एकाला कासव दिसते, तो ओरडतो, आणि सगळे तिकडे धावतात. वर माणसांचे छत तयार होते. खाली कासवाचा श्वास संपत आलेला असतो. त्याला कवचात शिरता येत नाही, पळावे तर सगळीकडे पाय हलताहेत. ते घाबरून आणखी खाली जाते, आणि पळण्यात उरलेली हवाही लवकर संपते. कुणीही त्याला हात लावलेला नसतो. तरी त्याचा श्वास आपण अडवलेला असतो.

म्हणून हवाईत कासवापासून निदान दहा फूट दूर राहायला सांगतात. त्याला पकडणे किंवा त्रास देणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे. व्यवहारात एवढे करावे:

1. कासवाच्या बरोबर वर तरंगू नये, बाजूला राहावे.
2. त्याला घेरू नये. एक बाजू, विशेषतः खोल समुद्राकडची, नेहमी रिकामी ठेवावी.
3. ते वर येऊ लागले की हातपाय न मारता स्थिर राहावे. ते आपणहून जवळ आले तर सावकाश मागे सरावे.
4. पाठलाग करू नये. तुम्ही स्थिर राहिलात तरच ते नेहमीचे काम करत राहील, आणि पाहण्यासारखे तेच असते.
5. प्रवाळावर उभे राहू नये. ते दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे.

उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सर्वांत चांगला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही दोन रसायने असलेली सनस्क्रीन हवाईत 1 जानेवारी 2021 पासून विकायला बंदी आहे, कारण ती प्रवाळाला घातक मानली जातात. घरून नेणार असाल तर बाटलीवरचे लेबल वाचा.

पालकांसाठी आणि आजी-आजोबांसाठी

श्वासाची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. हवाईत बुडून मरण पावणाऱ्या पर्यटकांमध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते, आणि त्यांत पन्नाशीच्या पुढचे पुष्कळ असतात. नळीतून श्वास ओढायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. त्यामुळे काहींच्या फुप्फुसांत पाणी साठते, आणि ते समुद्राचे नसते, शरीरातलेच असते. अशा वेळी माणूस ओरडत नाही, हातपायही मारत नाही. शेजारच्याला काही कळतही नाही.

आपल्यापैकी कितीतरी जण गावाकडे विहिरीत पोहायला शिकले, आणि कितीतरी जण शिकलेच नाहीत. कुणीही लाजू नये. पोहता येत नाही हे बोटीवरच्या माणसांना आधीच सांगावे. ते लाइफ जॅकेट किंवा तरंगणारी फळी देतात. नवी नळी आधी कमरेइतक्या पाण्यात वापरून पाहावी. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नेहमी जोडीने पोहावे. अचानक धाप लागली तर नळी तोंडातून काढावी, पाठीवर उताणे व्हावे आणि हात हलवून बोटीला खूण करावी. आणि ज्यांना उतरायचेच नाही त्यांनी डेकवर बसावे. श्वासाला वर आलेले कासव तिथूनही छान दिसते!

67 माद्यांची गोष्ट

आज माउईला कासव दिसणे सोपे आहे, पण पूर्वी तसे नव्हते. 1970 च्या सुमारास हवाईतल्या हॉटेलांत कासवाचे मांस मिळत असे. होनोलुलूपासून सुमारे 900 किलोमीटर वायव्येला फ्रेंच फ्रिगेट शोल्स नावाची वाळूची छोटी बेटे आहेत. हवाईतली बहुतेक सगळी हिरवी कासवे अंडी घालायला तिथेच जातात. 1973 साली जॉर्ज बालाझ या संशोधकांनी तिथल्या ईस्ट आयलंडवर माद्या मोजल्या. त्या अवघ्या 67 भरल्या.

1978 साली अमेरिकेच्या कायद्याने या कासवांना संरक्षण मिळाले. पण मादी अंडी घालण्याइतकी मोठी व्हायला 25 ते 35 वर्षे लागतात. म्हणजे 1978 चे पिल्लू स्वतः आई व्हायला 2003 ते 2013 साल उजाडले! तरीही माणसांनी धीर धरला आणि संख्या हळूहळू वाढत गेली. 2025 साली आययूसीएन या जागतिक संस्थेने हिरव्या कासवाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढून 'कमी चिंतेच्या' वर्गात घातले.

चिंता संपली असे मात्र नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये वालाका चक्रीवादळाने ईस्ट आयलंड जवळजवळ सगळे वाहून नेले. अंड्यातून नर निघणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली की माद्याच जास्त निघतात. मासेमारीचे गळ आणि दोरे तर रोजचेच.

आणि आपल्या कोकणात

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी लोक खाण्यासाठी उकरून नेत. 2002 पासून चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी घरटी राखायला सुरुवात केली. आता पिल्ले बाहेर पडण्याच्या हंगामात लोक ती पाहायला वेळासला जातात आणि गावातल्या घरांतच उतरतात. तिथे पोहायचे नसते. सकाळ-संध्याकाळ पिल्ले वाळूवर सोडतात आणि पाहणाऱ्यांना दोरीमागे उभे करतात. कारण पिल्लांना समुद्राकडे जायची वाट मोकळी हवी.

माउईला वाट वर हवेकडे जाते, वेळासला खाली पाण्याकडे. आपण दोन्हीकडे बाजूला उभे राहायचे आणि पाहायचे.

स्वाध्याय

1. देवळातले कासव आणि समुद्री कासव यांत कोणता फरक आहे?
2. नळी दहा फूट लांब का करत नाहीत? दोन कारणे लिहा.
3. दोन मीटर खोलीवर हजार चौरस सेंटिमीटरवर किती किलो भार येईल?
4. 'बोट लागणे' या शब्दांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. (बोटाला लागणे वेगळे!)
5. आजी-आजोबांना फोन करून विचारा: ते पोहायला कुठे आणि कसे शिकले? पाच वाक्ये लिहून पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवा.