तग कोणाची? रेझिलियन्स मोजण्याआधीचा प्रश्न

'क्लायमेट रेझिलियन्स'वर प्रपोजल लिहायला घेतलं की पहिला परिच्छेद हमखास मालदीव नाहीतर तुवालूवर असतो. माझाही होता. गाइडनी समासात एवढंच लिहिलं, "तग कोणाची?" उत्तरासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही, बारामती आणि इंदापूर पुरले.

दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस, तर सुपे-मोरगावकडे जिरायत. मग "बारामती तालुका दुष्काळात तग धरतो का?" या प्रश्नाला अर्थ काय राहिला? सरासरी काढली की दोन्ही पट्टे गायब. छोट्या बेटांच्या देशांची तक्रार अशीच होती. दरडोई उत्पन्न बरं दिसतं म्हणून सवलतीचं कर्ज मिळत नाही, आणि एका वादळात होत्याचं नव्हतं होतं. त्यातूनच संयुक्त राष्ट्रांचा बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक आला. 2024 मध्ये आमसभेनं त्यावर ठराव केला. त्यात धक्का बसण्याची शक्यता आणि तो सोसायच्या ताकदीची उणीव या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. प्रश्नावलीत हे दोन रकाने वेगळे ठेवा.

पण खरी मेख शेततळ्यात आहे. इंदापूरकडे डाळिंब जगवायचं तर प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मोठा आधार. मूळ कल्पना अशी, की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तळी विहीर-बोअरच्या पाण्यानं भरतात, हे अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी उपसून एकाच्या तळ्यात, वर उन्हात वाफ व्हायला. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण बाग वाळताना बघत कोण बसेल?

आता आपला सर्व्हे बघा. तळंवाल्याला पैकीच्या पैकी गुण, बोअर आटलेल्या शेजाऱ्याला शून्य. एक्सेलमध्ये या दोन सुट्या ओळी. एकाची तग दुसऱ्याच्या विहिरीतून आली, हे कुठेच दिसत नाही! मी आधी फक्त "शेततळं आहे का?" विचारायचे. आता विचारते: कशानं भरता, कोणत्या महिन्यात, आणि तेव्हा शेजारच्या विहिरीला पाणी किती असतं? तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा थांबतात. ते थांबणंही वहीत टिपून ठेवते.

कालव्याचंही तसंच. मे 2025 अखेरच्या मुसळधार पावसात बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला, पाणी घरांत शिरलं. दोन्ही तालुक्यांत एनडीआरएफची पथकं पाठवावी लागली. दुष्काळात कालव्याजवळ असणं हे बळ, अतिवृष्टीत तीच जोखीम. म्हणून 'कालव्यापासूनचं अंतर' मी एका गुणात बसवत नाही. दोन्ही रकान्यांत लिहिते, उलट चिन्हांनी.