खुर्ची सरकत नाही? आधी स्विच उघडा!

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. हातातला कोयता सुटावा म्हणून आपली मुले गॅरेजमध्ये काम शिकतात, याचे आम्हाला समाधान वाटते. परंतु नुसते पाने-पेचकस चालवून भागत नाही. वीज कशी वाहते हे कळले तरच कारागिराची किंमत वाढते. त्याचे एक उदाहरण येथे देत आहोत.

१९७९ ते १९९१ या काळात निघालेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू-१२६ या मोठ्या मोटारीत विजेवर पुढे-मागे सरकणारी खुर्ची मिळत असे. तिचा स्विच दारावर असतो, आणि त्याचा आकारही खुर्चीसारखाच असतो. अशा जुन्या मोटारीची खुर्ची अडली की "पूर्ण स्विच बदला" असा सल्ला मिळतो. सुटा भाग मिळणे कठीण, आणि मिळाला तरी खिशाला जड!

खरे तर दुखणे लहान असते. खुर्चीखाली १२ व्होल्टची मोटर असते. स्विच पुढे दाबला की वीज एका दिशेने जाते, मागे दाबला की उलट दिशेने. म्हणून खुर्ची एकाच बाजूला सरकत असेल, तर फ्यूज व मोटर शाबूत आहेत आणि दोष बहुधा स्विचमध्ये आहे, असे समजावे. अजिबात हलत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, मग मोटरला थेट बॅटरीची वीज देऊन बघावी.

स्विच दाबताना आत बारीक ठिणगी पडते. वर्षानुवर्षे तांब्याचे पॉइंट काळे पडतात, ग्रीस वाळते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. स्विच ताटात ठेवून उघडावा, कारण आतल्या स्प्रिंगा उडून हरवतात. प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून स्पिरिटने पुसावेत. पेट्रोल वापरू नये. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तपासावे.

तरुण मित्रांनो, आजच्या जीपच्या काचा वर-खाली करणारा स्विचही याच तत्त्वावर चालतो. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक वा इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेता येते. भाग बदलणारे पुष्कळ आहेत. दोष शोधणारे व्हा. गिऱ्हाईक तुमचे घर विचारत येईल!