शिवीने दारू सुटत नाही!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. आम्हाला दोन्ही तोंडपाठ आहेत. तरीही आमच्या वस्तीतला बाप, भाऊ दिवसभराची मजुरी घेऊन गुत्त्याकडे वळतो, हे वास्तव नाकारून चालणार नाही. आम्ही त्याला व्यासपीठावरून झोडपतो, मिरवणुकीतून बाहेर काढतो. पण अपमानाने कुणाची दारू सुटली?

गोव्यात डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट चोखाळली. २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना दहा प्रश्नांची चाचणी दिली. ज्यांचे पिणे घातक पातळीला पोहोचले होते, अशा ३७७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्यासोबत समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. पिण्याने काय नुकसान होते ते त्याच्याच आयुष्यातून दाखवायचे, मित्रांचा आग्रह कसा मोडायचा, मन उदास झाले तर काय करायचे, पुन्हा घसरलो तर कसे सावरायचे, एवढेच बोलणे. उपदेश नाही.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीबाहेर आले; दुसऱ्या गटात २६ टक्के. वर्षभरानंतर हेच प्रमाण ५४ आणि ३२ टक्के होते.

याला मर्यादाही आहेत. तीन महिन्यांच्या तपासणीत बायकोला होणारी मारहाण यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. तिच्या संरक्षणाचा लढा स्वतंत्रपणेच लढावा लागेल. आणि दारूवाचून ज्याचे हातपाय थरथरतात, त्याने ती एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. त्याला डॉक्टरकडेच न्यावे.

तेव्हा समाजबांधवांनो, दारूबंदीची मागणी करताना आणखी एक मागणी करू या : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दारूविषयी विचारणारा आणि ऐकून घेणारा समुपदेशक हवा. आमच्या वस्तीतील शिकलेली मुले-मुली हे काम शिकू शकतात. प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दिली. ती पाळू पाहणाऱ्याला हात देणे आमचे काम आहे.

जयभीम!